वसुधा मॅडमनी फाडलेला कागद

सात वर्षांच्या एका मुलीला मी भर वर्गात रडवलं होतं. तरी वसुधा मॅडमनी मला कामावरून काढलं नाही.

काल दुपारी मॅडम गेल्या.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. शाळा सगळी तेलुगू आणि इंग्रजीत झाली. पण मॅडम माझ्याशी कायम मराठीत बोलायच्या, म्हणून हे मराठीत. चुका पोटात घाला.

मॅडम इथल्याच, जुन्या हैदराबादी मराठी घरातल्या. आम्ही नांदेडकडचे. बाबा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. मी मॅडमच्या टीममध्ये फील्डवर होते.

त्यांचा विषय लहान मुलांचं खाणं. पोट भरल्यावरही मूल का खातं, घरात त्याला कोण कसं भरवतं, आणि त्यातून पुढे लठ्ठपणाचा धोका कसा वाढतो. परवानगी घेऊन आम्ही घरोघरी मुलांच्या जेवणाचे व्हिडिओ करायचो.

एका व्हिडिओत पोरगा "चालु, चालु" म्हणत होता आणि आई वाढतच होती.

मॅडम म्हणाल्या, "तेलुगूत चालु म्हणजे पुरे. पण आया हा शब्द मराठीत ऐकतात."

खूप हसलो होतो त्या दिवशी.

मग मलकपेठची ती शाळा.

तिथे मुलांची वजनं घ्यायची होती. मी वजनकाट्यावरचा आकडा बघून सांगायची, माझी मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून लिहायची. पंख्यांचा आवाज फार, म्हणून मी ओरडूनच सांगत होते. निखत नावाच्या मुलीचा आकडा सांगितला आणि मुलं हसली. एकानं तो आकडा पुन्हा म्हटला. मग सगळा वर्ग तेच म्हणायला लागला.

ती रडायला लागली. काट्यावरून उतरेचना.

मी पुढचं नाव पुकारलं.

हो. मी पुढचं नाव पुकारलं.

चार दिवसांनी तिच्या आईनं शाळेत येऊन सांगितलं की पोरगी डबा तसाच परत आणते, घरीही जेवत नाही. शाळेनं मॅडमना कळवलं. मॅडमनी मला बोलावलं तेव्हा मी बॅग आवरूनच गेले होते. काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ऑटो बोलव म्हणाल्या, आपण तिच्या घरी जातोय.

तिथे त्या खाली चटईवर बसल्या. मी निखतची माफी मागितली. माझी चूक होती, तुझी काहीच नव्हती, असं दोनदा सांगितलं. ती खाली मान घालून बसली होती. तिनं एकच विचारलं.

"मेरा वजन कौन कौन को मालूम?"

मॅडमनी पर्समधून तिच्या वजनाचा फॉर्म काढला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. हा तुझा आहे, काय करू ते तूच सांग, म्हणाल्या.

"फाड देओ."

मॅडमनी तिथेच बारीक बारीक तुकडे केले.

नंतर त्या शाळेचा सगळा डेटा त्यांनी बाद केला. स्टडी कित्येक महिने लांबली, वरचे लोक चिडले. रिपोर्टात त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं, "ट्रेनिंग कमी पडलं, जबाबदारी माझी." माझं नाव कुठेच नाही. तेव्हापासून आम्ही एकेका मुलाला पडद्याआड घेतो, काट्याकडे पाठ करून उभं करतो आणि आकडा तोंडानं उच्चारत नाही.

निखत हळूहळू जेवायला लागली, असं तिच्या आईनं सांगितलं. पण पुढच्या वर्षी ती त्या शाळेत नव्हती. का, ते मला कधीच कळलं नाही.

त्या दिवशी परत येताना ऑटो अफझलगंजला अडकला. मॅडम आपणहून बोलायला लागल्या. त्यांची मुलगी मुक्ता नऊ वर्षांची असताना जरा अंगानं भरली. मॅडमनी तिचं जेवण वाटीनं मोजून द्यायला सुरुवात केली, फराळाच्या कपाटाला कुलूप लावलं. एक दिवस तिच्या दप्तरात बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. मॅडमनी तिला मारलं. त्या दिवसापासून ती ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागली. मोठी झाली, बंगलोरला गेली. घरी आली तरी बाहेरूनच खाऊन यायची.

"सुजाता, माझी मुलगी माझ्यासमोर जेवत नाही. आज तू त्या पोरीला सॉरी म्हणालीस ना, ते मला अजून जमलेलं नाही."

मी त्यांचा हात धरला.

या वर्षी मॅडमना पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी त्यांना काही गिळता येत नव्हतं. मुक्ता रजा टाकून आली.

मागच्या मंगळवारी दुपारी मी गेले, तेव्हा दारातच मुक्ता म्हणाली की परवा आईनं सॉरी म्हटलं. इतक्या वर्षांनी. तिला आधी भयंकर राग आला, इतका उशीर का केलास म्हणून ती आईवर ओरडलीसुद्धा. मग दोघी रडल्या.

मी आत जाऊन मॅडमपाशी बसले. थोड्या वेळानं मुक्ता वरणभाताचं ताट घेऊन आली, खुर्ची पलंगाला लावून बसली आणि जेवायला लागली.

मॅडमनी मान वळवली. बघत राहिल्या.

मुक्ता उठून पुन्हा भात घेऊन आली.

मी निघाले तेव्हा मॅडमना डोळा लागला होता. ती आमची शेवटची भेट.

आज सकाळी मुक्तानं अग्नी दिला. तिथे मला रडू आलं नाही. आत्ता हे लिहिताना थांबत नाहीये.

मॅडम, फार सोसलंत. आता शांत पडा.

तुमच्या सुजाताचा शेवटचा जय भीम.