रक्तपिपासूंच्या दारातलं गाऱ्हाणं

माझ्या चुलतभावाशी मी आजही कामापुरतंच बोलते. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर ‘काय, बरं ना?’ एवढं होतं, आणि मग मी पानात काय वाढलंय ते बघायला लागते. लोक विचारतात, जमिनीवरून काही झालं का? आंब्याच्या कलमांवरून? रत्नागिरीत भावकी फाटते ती बहुतेक ह्या दोन कारणांनी. मी सांगते, नाही, कम्प्युटर गेमवरून. मग लोक हसतात. हसोत. त्यांच्या काकाचं काय जातंय.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आमचं घर एकत्र. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला काकू आणि तिचा मुलगा. त्याला मी दादा म्हणायचे, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. काका बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. कम्प्युटर काकांनीच घेऊन दिलेला, दादाच्या बारावीच्या अभ्यासासाठी. अभ्यास कसला डोंबलाचा. पडवीत टेबल, टेबलासमोर फिरती खुर्ची आणि खुर्चीच्या बाजूला एक लाकडी स्टूल. खुर्ची दादाची, स्टूल माझं. माऊसला हात लावला तर दादा हातावर चापट मारायचा आणि काकू आतून म्हणायची, ‘अगो, मोडशील. त्याचं आहे ते.’

मग मला स्टूल तरी का दिलं होतं? कारण दादाला इंग्रजी येत नव्हतं. मी काही मडमिणीच्या पोटची नव्हते, दोघं एकाच मराठी शाळेत शिकलो. पण काका बोटीवरून आणायचे ती इंग्रजी मासिकं दादा चित्रांसाठी चाळायचा आणि मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचे. एकेक पान वाचायला पहिल्यांदा आठवडा लागला, नंतर तास, नंतर डिक्शनरी लागेनाशी झाली. म्हणून दादा खेळायचा आणि मी बाजूला बसून सांगायचे: आता तो म्हणतोय किल्ली विहिरीत आहे, आता ती म्हणतेय इथून पळ. कामापुरता मामा म्हणतात तशी मी कामापुरती बहीण होते.

एस.टी. स्टँडाजवळच्या दुकानात गेमचं एक मासिक यायचं, मुंबईहून, शिळं होऊन. त्यात एकदा मधली चार पानं एका येऊ घातलेल्या गेमवर होती. व्हँपायरचा गेम. पावसातलं काळं शहर, दिव्यांच्या कमानी, गळाबंद कोट घातलेली फिकट माणसं. दादाने चित्रं बघितली आणि म्हणाला, ‘रक्तबिक्त दिसतंय, भारी आहे. वाच.’

मी वाचायला लागले आणि दुसऱ्या परिच्छेदाला थांबले. तिथे लिहिलं होतं की ह्या गेममध्ये तलवार चालवायलाच पाहिजे असं नाही. सगळी गोष्ट बोलण्यावर चालते. समोरचा बोलतो, तुम्ही उत्तर निवडता, आणि उत्तर बरोबर असेल तर दारं उघडतात, शत्रू मागे हटतात, राजेसुद्धा खाली बसतात. बोलता येणारा माणूस एकही वार न करता शेवटापर्यंत पोचू शकतो. शिवाय पुरुष व्हायचं की बाई, तेही आपणच ठरवायचं.

मला त्या घरात लहानपणापासून काय ऐकवलं गेलं ते सांगते, म्हणजे कळेल. हिच्या जिभेला हाड नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरीच्या जातीने एवढं बोलू नये, सासरी नांदायची नाही. पाहुण्यांसमोर आई डोळ्यांनी गप्प करायची, काकू तोंडाने. आणि इथे कोणीतरी परदेशात बसून असा खेळ बनवत होतं ज्यात माझी जीभ हीच माझी तलवार होती. मी तो परिच्छेद दादाला वाचून दाखवलाच नाही. दाखवून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी.

उलट मी सौदा केला. म्हटलं, ‘ह्या गेममध्ये बोलणं फार आहे. मी नसले तर तुला एक पायरी चढता येणार नाही. मी सगळं सांगेन, पण पहिल्यांदा मी खेळणार. खुर्चीत बसून.’

‘बस ना गो,’ दादा म्हणाला.

‘गळ्याची शपथ घे.’

त्याने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. ती चिमूट मला आजही दिसते.

मग वाट बघणं सुरू झालं. गेम दिवाळीला येणार होता, तो नाताळवर गेला. नाताळचा पुढच्या वर्षावर. दर महिन्याला मासिक आलं की दादा पान उघडून माझ्यापुढे टाकायचा आणि मी नवीन तारीख सांगायचे, मग तो मलाच शिव्या घालायचा, जणू तारीख मी पुढे ढकलली. मी मात्र मनात सगळं ठरवून बसले होते. माझी व्हँपायर बाई असणार, उंच, केस मोकळे सोडलेली, आणि भर दरबारात म्हाताऱ्या रक्तपिपासूंना असं काही सुनावणार की त्यांचे सुळे ढिले व्हावेत. भांडी घासताना मी तिची उत्तरं तयार करायचे. काकूने एकदा ऐकलं आणि आईला म्हणाली, ‘तुझी पोर मोरीत खविसाशी बोलते.’

त्यात शिमगा आला. देवाची पालखी घरोघर फिरत आमच्या अंगणात आली. पालखी टेकली की मानकरी गाऱ्हाणं घालतो. म्हणजे घराच्या वतीने देवाला काय हवं-नको ते मोठ्याने सांगतो. बाकीच्यांनी फक्त प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मानकऱ्याच्या कानात आधी काकू लागली होती, ते मी बघितलं होतं. त्याने हात जोडून सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, ह्या घरचा कर्ता माणूस समुद्रावर आहे, त्याला सुखरूप आण. व्हय म्हाराजा. ह्या घरचा पोरगा बारावीला बसलाय, त्याला यश दे. व्हय म्हाराजा. मी दहावीला होते. परीक्षा माझीही त्याच महिन्यात होती. मी वाट बघितली. मानकरी नारळाकडे वळला.

‘आणि माझं?’ मी म्हटलं.

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. ढोलवाला पण थांबला. मानकरी गोंधळला, त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. दादा फिस्सकन हसला. आईने माझा दंड धरून मला आत नेलं आणि म्हणाली, ‘देवाच्या तोंडी लागतेस? तुझ्यासाठी बोलायला मोठी माणसं आहेत ना?’ मी विचारलं, कुठे आहेत? त्यावर मला थोबाडीत बसली. रात्रभर गाल दुखला नाही, दुसरंच काहीतरी दुखलं. त्या दिवसापासून मी त्या गेमची वाट बघायला लागले ती खेळ म्हणून नाही.

देव मात्र खमक्या निघाला. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं घातलं तो बारावीला गचकला आणि जिचं नावच घेतलं नाही ती शाळेत पहिली आली. पेढे वाटू दिले नाहीत काकूने, घरात एक पोर रडत असताना बरं दिसत नाही म्हणे. दादाला दहावीच्या मार्कांवर दापोलीला शेतकी पदविकेला घालायचं ठरलं. आणि कम्प्युटर? ‘तो बरोबर नेणार,’ काकू म्हणाली, ‘त्याचाच आहे.’

त्याच आठवड्यात काकांचा फोन आला, मुंबईत उतरलो म्हणून. दादाने मागितलेला गेमही मिळालाय, खोक्यासकट. मी देवघरात जाऊन मुकाट्याने दिवा लावला. हिशोब सोपा होता: काका येणार आणि दादा दापोलीला जाणार ह्यांच्यामध्ये जे काही दिवस होते तेवढेच माझे होते. काका पाली, देवरूखच्या नातेवाइकांना भेटून येतो म्हणाले आणि त्यात तेही दिवस गेले. काका घरी आले तेव्हा दादाची जीप दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती.

दुपारी जेवणं झाल्यावर खोकं फोडलं. दादाने त्याचे तीन दोस्त बोलावले होते. काका, काकू, आई, सगळे पडवीत जमले. बोटीवरून आलेली वस्तू म्हणजे घरात तेवढं कौतुक असतंच. गेम भरला गेला, पडद्यावर ते पावसातलं शहर उमटलं. मी खुर्चीजवळ गेले.

‘ऊठ, दादा.’

‘आधी मी थोडा बघतो, चालतोय का.’

‘तू गळ्याची शपथ घेतली होतीस.’

दोस्त हसायला लागले. दादाचे कान लाल झाले. म्हणाला, ‘जा गो, स्टुलावर बस. नको तिथे कटकट नको. कम्प्युटर माझा, गेम माझ्या बाबांनी आणला, आणि ही आली पहिली खेळायला.’

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, ‘अगं, तो उद्या जातोय ना.’ आईने डोळे मोठे केले. मी स्टुलावर बसले.

दादाने पुरुष निवडला, दांडगा, हातात कुऱ्हाड. पहिल्याच प्रसंगात तो एका मोठ्या वाड्याच्या दारात पोचला. दारावर एक म्हातारा व्हँपायर उभा होता. तो बोलायला लागला, जुनं दरबारी इंग्रजी, शब्द न् शब्द वाकडा, आणि खाली निवडायला चार उत्तरं. मी वाचलं. म्हातारा म्हणत होता की तू नवखा आहेस, नवख्याला ह्या घरात तोंड उघडायचा हक्क नाही. तुझ्या वतीने कोण बोलणार?

‘काय म्हणतोय?’ दादाने विचारलं.

मी गप्प बसले.

‘अगो, सांग ना. काय म्हणतोय तो?’

मी ओठ मिटून पडद्याकडे बघत राहिले. दादाने वैतागून पहिलं उत्तर दाबलं. म्हाताऱ्याने त्याची मान तोडली. पुन्हा दार, पुन्हा म्हातारा. दुसरं उत्तर, पुन्हा मान तुटली. तिसऱ्या-चौथ्याला म्हातारा आणखी चार उत्तरं पुढे टाकायचा आणि त्यांत कुठेतरी मान तुटायचीच. कुऱ्हाड उगारून बघितली, तेव्हा तर म्हाताऱ्याने हातसुद्धा हलवला नाही आणि दादा आडवा. दोस्तांनी एकेक शब्द लावून बघितला, जमेना, मग ते दादालाच टोमणे मारायला लागले. काकू म्हणाली, ‘सांग गो बाय, असं काय करतेस?’ काका म्हणाले, ‘सांग ना पोरी.’ शेवटी आई म्हणाली, ‘अगं, बोल की. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो.’

सोळा वर्षं ज्या घराने मला गप्प बस म्हटलं ते सगळं घर रांगेने उभं राहून मला बोल म्हणत होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. दादाने माऊस आपटला, दोस्त घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपमध्ये गेला. खोकंही गेलं. त्या बाईला मी एकदाही चालवली नाही, आणि जीप वळणाआड गेल्यावर मी मोरीत बसून पोटभर रडले. उत्तरं सगळी तयार होती माझी.

पुढच्या आठवड्यात दापोलीहून फोन आला. काकूने दोन मिनिटं जेवलास का, झोपलास का विचारलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला. ‘तुलाच मागतोय.’

‘ऐक,’ दादा म्हणाला. बूथमधून बोलत होता, मागे एस.टी.चा हॉर्न वाजत होता. ‘त्या म्हाताऱ्याचं बोलणं आणि खालची उत्तरं मी कागदावर उतरवून आणलीत. एकेक अक्षर वाचतो. तू फक्त सांग कुठकुठली उत्तरं दाबायची.’

त्याने वाचायला सुरुवात केली, स्पेलिंग करत, अडखळत. वाचून झाल्यावर म्हणाला, ‘कळलं ना? आता सांग.’

‘व्हय म्हाराजा,’ मी म्हटलं.

‘चेष्टा नको. इथे कोणालाच येत नाहीये. सांग ना.’

‘व्हय म्हाराजा.’

मग दादा एकदम मऊ आवाजात म्हणाला, ‘हे बघ, दिवाळीत कम्प्युटर घरी घेऊन येतो. खुर्चीत तूच बस. सगळा गेम तू खेळ, मी हातसुद्धा लावणार नाही. गळ्याची शपथ.’

मला तो खेळ हवा होता. आयुष्यात त्यानंतर मी काहीही इतक्या जिवाने मागितलं नाही. काकू दारात पदराला हात पुसत उभी होती, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं, ‘व्हय म्हाराजा,’ आणि फोन ठेवला.