खालाचा चहा आणि आमचे बाद झालेले आकडे

नांदेडहून हैदराबादला लोक बिर्याणीसाठी जातात, लग्नाच्या खरेदीसाठी जातात. मी ऋचासाठी गेलो. उगाच आडवळणाने कशाला सांगू? दुसऱ्या वर्षाला विभागप्रमुखांशी कडाक्याचं भांडण करून मी कॉलेज सोडलं. माझ्याच वर्गातली ऋचा मात्र शिकत राहिली आणि आता तिकडे विद्यापीठात संशोधन सहायक आहे. तिचा फोन आला, "आमच्या पाहणीला एक माणूस कमी पडतोय. वजनकाटा उचलायचा, आकडे लिहायचे. सहा दिवस. पैसे नाहीत, जेवण मिळेल. येतोस?"

ती वाक्य पूर्ण करेपर्यंत माझी बॅग अर्धी भरून झाली होती.

सकाळची गाडी पकडली तर दुपारपर्यंत काचीगुडा स्टेशन येतं. जनरलचं तिकीट काढा, पण तासभर आधी जा, नाहीतर दारात उभं राहावं लागतं. काचीगुड्याहून अंबरपेठ जवळच आहे. रिक्षावाल्याने सांगितलेल्या आकड्यावर नुसतं हसा, तो आपोआप खाली येतो. ऋचा राहते ते तिच्या काकांचं घर. तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. काका दारातच म्हणाले, "हौ, या या. सामान तिकडं ठेवा, परेशान होऊ नका." मराठीच, पण अशी की जेवायला बसण्याआधीच पोट भरावं.

दुसऱ्या दिवशी विद्यानगरला, विद्यापीठात. ऋचाच्या विभागाच्या मॅडमनी मला समोर बसवून काम समजावलं. जुन्या शहरातल्या मुसलमान वस्त्यांमध्ये बायकांची वाढलेली साखर फार उशिरा कळते. डोळ्यांवर आलं, पायाची जखम भरेना, मग दवाखाना. असं का होतं, हे शोधायला आजवर बाहेरच्या मोठ्या संस्था यायच्या, रक्त घ्यायच्या आणि जायच्या. विभागाच्या हाती काही उरायचं नाही, वस्तीच्या तर नाहीच. "या वेळी प्रश्न आमचे, मोजणी आमची, हिशोबही आमचा. आमची पोरं यातच शिकणार," मॅडम म्हणाल्या. मला ते आवडलं. कुणाच्या नाकावर टिच्चून करायचं काम मला नेहमीच आवडतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गल्लीत. पहिलंच घर जुबेदा खालांचं, म्हणजे गल्लीच्या मावशीचं. ऋचा आतल्या खोलीत त्यांच्या सुनेकडून उत्तरं भरून घेत होती, मी बाहेर काटा मांडून बसलो. खाला चहा घेऊन आल्या. मी नको म्हणालो.

"कायकू शरमाते बेटा? पियो."

घेतला. त्यांनी स्वतःसाठीही बशीत ओतला. "मेहमान अकेला पीता क्या? हमारे में नै होता."

दाट दूध, साखर सढळ. मग ऋचाने बाहेर येऊन खालांच्या बोटाला सुई टोचली. फॉर्मवर रकाना होता, उपाशीपोटी आहात का? मी विचारलं, "खाला, सुबह से कुछ खाए?" "कुछ नै." मी 'होय' लिहिलं. दोन दिवस प्रत्येक घरी हेच. गल्लीत मी इतका लाडका झालो की ऋचा म्हणाली, "तुला बघून दारं उघडतायत रे!" तेवढ्यावर मी हवेत.

पाचव्या दिवशी विभागात मॅडम आकडे बघून गंभीर झाल्या. "इतक्या जणींची साखर वाढलेली? उद्याच दवाखान्याला यादी पाठवू, औषधं सुरू होतील." तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या घरी उपासाला चहा चालतो, एकदा नाही, चारदा चालतो. त्यामुळे चहा म्हणजे पोटात काही जाणं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

सांगितलं तर ऋचाची मेहनत मातीत, तीही माझ्यामुळे. नाही सांगितलं तर चुकीच्या बायकांना गोळ्या. "पाणी पिऊन येतो," म्हणून निघालो तो थेट गौलीगुड्याला, बसस्टँडवर. नांदेडची बस उभी होती. कंडक्टर ओरडत होता, "अरे भाई, चढना है तो चढो, दरवाजा कायकू अडा रहे?" मी दारातून बाजूला झालो. बस गेली. मी परत आलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

एक संशोधक विद्यार्थी पुटपुटला, "बाहेरची माणसं आणली की असंच होणार." माझ्या मुठी वळल्या. ऋचाकडे बघितलं आणि सोडल्या. ती मला एवढंच म्हणाली, "कॉलेज सोडलंस तेव्हा महिनाभर लपवलं होतंस. हे दुपारपर्यंत तरी सांगितलंस." तिच्या आवाजात राग होता, पण दार बंद झालेलं नव्हतं.

मॅडमनी वजन आणि रक्तदाब ठेवले, साखरेचे आकडे लाल पेनाने आडवे कापले. "अच्छा हुआ अभी बोला," म्हणाल्या. "चलो, खालांनाच विचारू."

खाला आमच्यावरच उखडल्या. "चाय कब से खाना हो गई? तुम खाने का पूछे, मैं खाने का बोली!" मग म्हणाल्या, "ऐसा बोलो ना, रोजे जैसा रहना, बस पानी पी सकते. सब समझ जाते." एवढ्या शिकलेल्या माणसांनी बनवलेला फॉर्म त्यांनी एका वाक्यात दुरुस्त केला. मॅडमनी वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खालांना विचारलं, आमच्यासोबत घरोघरी याल का? रोजंदारीवर, ओळखपत्रासह.

"फोटो अच्छा निकालना," खाला म्हणाल्या.

सहाव्या दिवशी त्या पुढे, आम्ही मागे, साखर पुन्हा मोजली. बऱ्याच जणींचा आकडा खाली आला. खालांचा मात्र आला नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि सुनेला म्हणाल्या, "चल, दवाखाना बता." पाय शाबूत, डोळे शाबूत असतानाच कळलं.

आता नांदेडात हे लिहितोय. चारमिनार पाहिला नाही, बिर्याणी एकदाच खाल्ली, तीही गार. तुम्ही गेलात तर दोन्ही नीट करा. काल ऋचाचा फोन आला. गल्लीतल्या आणखी चार जणींना खाला शिकवतायत, आणि मोजणीचे वर्ग विद्यापीठातच भरतायत.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुझं काय?"

"तेच. आपल्या दोघांचं."

ती म्हणाली, "विचार करतेय. घाईत काहीतरी बोलून बसायचं नाहीये मला."

आधीचा मी असतो तर फोन आपटला असता. "कर सावकाश," म्हणालो, आणि तिने ठेवल्यावरही फोन कानाला तसाच लावून बसलो.