सॅमसनकाकांच्या गाडीतला उरलेला तुकडा

गाडी खोलून परत जोडली की आमच्या गॅरेजात काहीतरी उरतंच. ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जातं. किस्सेही असेच उरत गेलेत. त्यातले एका गाडीचे तेवढे इथे ओतते.

गॅरेज पेणला, आमच्या पडवीला लागून. मेस्त्री दोनच, आमचे हे आणि यांचे काशीमामा. रोह्याचे सॅमसनकाका तेव्हा मुलीकडे इस्राएलला कायमचे निघाले होते. वडलांच्या वेळची विलायती गाडी ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले आणि म्हणाले, "आमच्या हन्नानं हिला जन्मभर ढकलली. जायच्या आधी एकदा तरी न ढकलता तिच्या कबरीपर्यंत जायचंय. मग भंगारात घाला."

बायकोच्या कबरीचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार?

*

दुसऱ्याच दिवशी माझी चहाची गाळणी गायब. सासूबाई माझ्याकडे बघतात, मी चिनूकडे. आमचा चिनू तेव्हा रांगत होता आणि दिसेल ते तोंडात घालत होता. शेवटी गाळणी सापडली बॉनेटखाली, पेट्रोलच्या नळीला तारेनं बांधलेली.

मी विचारलं, आता चहा कशानं गाळू?

"फडक्यानं गाळ गो," मामा म्हणाले. "गाडीला फडकं चालत नाय."

*

मग इंजिन जोडून झालं आणि ट्रेमध्ये एक पितळी तुकडा उरला. अंगठ्याएवढा, दोन कान, मधे भोक. कुठला ते दोघांनाही कळेना. हे तो घेऊन वडखळला एका जुन्या ट्रकवाल्याकडे गेले. तो म्हणाला, हा गाडीचा नाहीच, शिवणयंत्राचा. शिंपी म्हणाला, पाण्याच्या पंपाचा. पंपवाल्यानं उलटासुलटा करून बघितला आणि छातीठोक सांगितलं, "व्हय, हा गाडीचाच हाय."

*

तो तुकडा ओट्याखालच्या पाटावर ठेवलेला. मी भाकरी उलटून वळते तर तुकडा नाही, आणि खाली चिनू तोंड हलवतोय.

मी भाकरी तव्यावरच सोडली. तोंडात बोट घातलं, उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या. तसंच उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोट साफ. मी देवाला हात जोडत होते आणि काशीमामा ती फिल्म उजेडाला धरून निरखत होते.

"एक वायसर पण गावत नाय," ते डॉक्टरांना म्हणाले. "तो दिसतोय का कुठं?"

*

तुकडा होता तोवर त्याची जागा सापडत नव्हती. हरवला आणि लगेच सापडली, कार्बोरेटरच्या बुडाशी. तुकड्याशिवाय इंजिन नुसतं खोकायचं. सॅमसनकाकांचं विमान तर जवळ आलेलं.

माझं माहेर हमरापूरचं. भाऊ दिलीप गणपती घडवतो. भाच्याला खेळायला त्यानं शाडूचा गोळा दिला होता. त्या गोळ्यावर बघते तर चिनूनं तो तुकडा आधी कधीतरी दोन्ही बाजूंनी दाबलेला, ठसे भोकासकट! गोळा घेऊन माहेरी पळाले. दिलीपनं त्या ठशांत प्लास्टर ओतून तुकडा काढला. रोह्याच्या लेथवाल्याला सँपल म्हणून द्यायचा होता. पण सवयीनं दिलीपनं त्याला सोनेरी रंगही मारला.

*

ठरल्या दिवशी काशीमामा गाडी चालवतच रोह्याला घेऊन गेले. मागे आम्ही, मांडीवर चिनू. सॅमसनकाका लेथवाल्याच्या दारात वाट बघत होते. लेथवाल्यानं सँपल मागितलं.

"लावलंय," मामा म्हणाले.

त्यानं ते काढलं, बघून बघून हुबेहूब पितळी करून दिलं. पितळी लावलं तर गाडी ढिम्म हलेना. काकांचा चेहरा उतरला. मामांनी परत प्लास्टरचं बसवलं. पहिल्या झटक्यात सुरू!

काका स्वतः चालवायला बसले. निडी गावाच्या पुढे, त्यांच्या मूळ गावच्या कबरस्तानापर्यंत गाडी कुठेही थांबली नाही. काका हन्नाबाईंपाशी गेले, ज्यू रीतीप्रमाणे कबरीवर एक दगड ठेवला, परत आले आणि चावी फिरवली.

काही नाही. परत फिरवली. काही नाही.

मग हे, काशीमामा, आणि चिनूला कडेवर घेऊन मी, तिघं मागून ढकलायला लागलो. काकांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि कबरीकडे बघून म्हणाले, "बघ गो हन्ना, माणसं लावलीत."