मारलं नाही, सोडलं

लिंबागणेशजवळच्या आमच्या मळ्यातल्या घराला दादानं कुलूप लावलं, तेव्हा माय अंगणात उभी होती. एका हातात कपड्यांची पिशवी आणि काखेत कोंबड्या झाकायचं डालगं, त्यावर जुनं लुगडं घट्ट बांधलेलं. आत ठकी, आमची म्हातारी मांजर. दादाची पांढरी गाडी इंजिन चालू ठेवूनच उभी होती, कारण त्याला बीडला कुणाच्या तरी सत्काराला वेळेत पोचायचं होतं. वडिलांचं वर्षश्राद्ध आदल्याच दिवशी झालं होतं. मायनं आता मळ्यात एकटीनं राहायचं नाही, असं त्यानं पंगतीत सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं होतं, अगदी सभेत जाहीर करावं तसं.

डालगं बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हिला कावून घेतलीस? मांजर घराचं असतंय माय, माणसाचं न्हाई."

"घराला तर तू कुलूप लावलंस," माय म्हणाली. "मंग आता ती कुणाची?"

दादाकडे भाषणं पुष्कळ आहेत, उत्तरं कमी. त्यानं गाडीची डिकी उघडून दिली. मायनं डालगं डिकीत ठेवलं नाही, मांडीवर घेतलं.

हे मी लिहितेय ते भावकीतल्या सगळ्यांसाठी, जे मला फोन करून करून ऐकवतात की संगीनं एका मांजरापायी सख्खा भाऊ तोडला. आणि माझ्यासारखे जे बीड जिल्हा सोडून पुण्या-मुंबईला येऊन राहिलेत, त्यांच्यासाठीही. एकदा काय झालं ते नीट ऐका आणि मग खुशाल नावं ठेवा.

मी शिकायला म्हणून पुण्याला निघाले त्याच साली ठकी कडब्याच्या गंजीत जन्मली. तिची आई तिला तिथंच टाकून गेली. मायनं वाटीत बोट बुडवून बुडवून तिला दूध पाजलं. मी फोनवर विचारायचे, करमतं का गं? माय म्हणायची, "तू गेलीस अन् ही आली. तुझ्या वाट्याचं दूध हीच पिती." मला हेवा वाटायचा, खरंच. मी होस्टेलच्या मेसमधली पातळ डाळ खात होते आणि तिकडे एक कबरी मांजर माझ्या जागी चुलीपुढं बसत होती. मी शिकले, नोकरीला लागले, वन बीएचकेचे हप्ते भरू लागले. तिकडे ठकीनं उंदीर मारले, पिलं घातली, कुत्र्याशी भांडून एक कान फाडून घेतला आणि हळूहळू म्हातारी झाली. वडील गेले तेव्हा माय तिच्याशी बोलायची. आम्ही लेकरं बोलत होतो की, पण फोनवर, आणि तेही जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढंच.

बीडच्या बंगल्यात पांढरी फरशी आहे. इतकी पांढरी की तिच्यावर माणूससुद्धा डाग वाटतो. ठकीला तोवर कमी दिसायला लागलं होतं, दात गेले होते आणि लघवीवर ताबा राहिला नव्हता. एके दिवशी दादाकडं मोठी माणसं बसली असताना हॉलच्या मधोमध तिच्याकडून व्हायचं ते झालं. वहिनीनं फडकं आणलं, पाहुणे हसले, आणि दादाची मान खाली गेली. गावोगावच्या चिखलात हात जोडून फिरणाऱ्या माणसाची मान मांजराच्या मुतानं खाली जाते, हे मला अजून पटलेलं नाही.

त्याच आठवड्यात मायचा फोन आला. "ठकी न्हाई."

"मेली?"

"न्हाई. कुठंतरी गेली म्हणतेत."

जिला दारापर्यंत चालत जायला दम लागतो ती कुठं जाणार? मी दादाला फोन लावला. त्यानं लपवलंसुद्धा नाही. उलट मीच काहीतरी उपकार विसरतेय असा त्याचा सूर. "पोऱ्यांनी पोत्यात घालून कपिलधारला नेऊन सोडलंय. देवाचं ठिकान हाय, परसाद मिळतो. उपाशी न्हाई मरायची. मारलं का काय म्या तिला? मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतंय, एवढं कळतंय मला."

हेच ते. आमच्याकडं मांजर कुणी मारत नाही. लई मोठं पाप. पण पोत्यात घालायचं, रस्ता दिसू नये म्हणून तोंड बांधायचं, चार गावं ओलांडून सोडायचं आणि परत येताना मागं वळून बघायचं नाही, याला पाप म्हणत नाहीत. याला 'सोडून आलो' म्हणतात. जीव जायचा तो तिकडे जातो, आपल्या हाताला काही लागत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणे. मी तर असं मांजर कधी पाहिलं नाही, माणसं मात्र ढीगभर पाहिली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या आईच्या पोटचं आहे.

मी सुट्टी टाकली आणि मिळाली ती एसटी पकडून बीड गाठलं. मायला घेतलं, रिक्षा केली आणि कपिलधारला गेलो. देवळाच्या पायऱ्या, धबधब्याकडची वाट, दुकानांच्या मागचा कचरा, सगळं पालथं घातलं. शेवटी एक नारळवाली म्हणाली, "म्हातारं मांजर ना? त्या पत्र्याखाली पडलंय बगा. भात टाकते, पर खात न्हाई." खाणार कशी? तिला भात मऊ कुस्करून, दुधात कालवून लागतो आणि तोही मायच्या हातचा.

ठकी पत्र्याखाली पार कोपऱ्यात होती. अंगावर गोचिड्या, डोळ्यांत घाण. मायनं हाक मारली, पण तिला ऐकू गेलं नाही. मग माय तिथं मातीत चक्क आडवी झाली, नऊवारी नेसलेली सत्तरीची बाई, आणि तिनं हात आत सरकवला. ठकीनं बोटं हुंगली. नंतर जो आवाज काढला, तो मला कुणाला ऐकवता येणार नाही. माय रडली नाही, मीच रडले, आणि रडता रडता दादाला ज्या शिव्या घातल्या त्या ऐकून नारळवालीनं कानांत बोटं घातली.

परतताना मायनं रिक्षावाल्याला सांगितलं, "मांजरसुंब्याला घे. बीडाकडं न्हाई." मी विचारलं, कशाला? ती म्हणाली, "पुन्याची गाडी तितं थांबती ना?" अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली बाई. पाटोद्याकडून पुढं जाणाऱ्या गाडीत आम्ही चढलो, तेव्हा ओढणीत गुंडाळलेलं मांजर बघून कंडक्टर म्हणाला, "आडवं गेलेलं चालत न्हाई, बसलेलं चालतंय का ते डायव्हरला इचारतो." ड्रायव्हरनं मागं वळून एकदा मायकडं पाहिलं आणि गिअर टाकला.

आता आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या काचेपाशी ठकीची गोधडी आहे. किडन्या निम्म्या गेल्यात असं डॉक्टर म्हणतात. दर दोन दिवसांनी मी तिच्या कातडीखाली सलाईन देते आणि माय तिचं डोकं धरून बसते. रीनल डाएट, ब्लड रिपोर्ट, लिटर ट्रे असले शब्द मायच्या तोंडात बसलेत. त्या ट्रेला ती "ठकीचं वावर" म्हणते. ठकी त्या वावरात क्वचितच पोचते. ऑफिसातून आले की मी आधी फरशी पुसते, मग चपला काढते. शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढा खर्च? त्यात लहान पिलू नसतं का मिळालं? मी त्यांना विचारलं, तुमच्या सासऱ्यांच्या जागी कुणी लहान मिळतंय का बघू? तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत.

यंदा बीडभर दादाचे फ्लेक्स लागले. एका कोपऱ्यात हात जोडलेली माय आणि खाली 'मातोश्रींच्या आशीर्वादाने'. फोटो वडिलांच्या वर्षश्राद्धाचा. तिची मांडी कापून फोटो अर्धाच लावलाय, कारण मांडीवर ठकी होती. चुलतभावानं तो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा मायनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

मागच्या रविवारी दादा स्वतः आला. पेढे, फळं, मायला नवं लुगडं. सोफ्याच्या कडेला बसला, कारण मधोमध ठकी झोपली होती. म्हणाला, "चल माय. सबेला पुडं बसायचं तुला. लोक इचारतेत, मातोश्री कुठं हायत? मांजराला बी घे, तिला येगळी खोली देतो. झालं गेलं इसरून जा."

मायनं ठकीच्या अंगावरून हात फिरवला. "हिला कावून सोडलीस, सांग बरं."

"माय, ते..."

"म्या सांगते. दिसत न्हाई, दात न्हाईत, फरशी घान करती. आता मला बी नीट दिसत न्हाई. परवा मोरीपतुर जाईस्तवर माजं बी लुगडं भिजलं. ह्या पोरीनं धुतलं. मला कुठं सोडनार हायस, ते आत्ताच सांग. कपिलधार का लांबचं दुसरं देऊळ?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "कायबी काय बोलतीस? माणूस अन् मांजर एक असतंय व्हय?"

"न्हाई," माय म्हणाली. "पर सोडणारा एकच हाय."

दादा उठला आणि पेढे तिथंच ठेवून निघून गेला. माझा राग तसाच आहे आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. त्याच्या मागं दार लावताना मी पाहिलं, तर माय भिंतीला धरून धरून बाथरूमकडं निघाली होती. यावेळी ती अर्ध्यात थांबली, खाली फरशीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी फडकं आणायला वळले तशी म्हणाली, "सावकाश आन. आपलंच घर हाय."