दुर्बिणीच्या हातून सुटलेला दाणा

कॉफीच्या कोठारात तिला सगळ्याजणी ‘दुर्बीण’ म्हणत. सव्वीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलावर कच्चे दाणे निवडत होती. काळा, फुटका, किडका दाणा कोणीही वेचेल. पण आंबून सडलेला दाणा वरून अगदी चांगल्या घरचा दिसतो, अंगावर तेवढी तांबूस झाक. तसा एक जरी किटलीत गेला तरी सगळ्या कॉफीला मोरीचा वास येतो. तो हुडकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

प्रत्येकीच्या पोत्याला तिच्या तिच्या रंगाचा दोरा. हिचा लाल. पोत्यात सडका दाणा तिसऱ्यांदा सापडला की खिडकी सुटली. मग मागच्या अंधारात पोती शिवत बसायचं. गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांवर पडदा आला आणि दोनदा सापडूनही झालं. शेजारी बसणारी धाकटी जाऊ तिच्या ढिगावरून गुपचूप नजर फिरवून सुटलेला दाणा वेचायची आणि त्याबद्दल तिला दिवसभर टोमणे मारायची. नेमकी ती माहेरी गेली होती, तेव्हा पाहुणे आले.

पाहुणे तिघे, कॉफीचे दर्दी. सोबत स्वतःचा काटा, तापमापक आणि बगळ्याच्या मानेची किटली. कॉफीची खरी किंमत काय, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. झाडाला किती पाणी लागतं, सावली किती, सगळं विचारून झालं. एकजण फोटोसाठी तिच्या स्टुलावर बसला आणि पाच मिनिटांत कंबर धरून उठला. तिची मान वाकडी का, हे कोणी विचारलं नाही.

मुकादमाने कौतुकाने लाल दोऱ्याचं पोतं उसवलं. दाणे तिथेच भाजले, दळले. तान्ह्या बाळाला औषध पाजावं तसं थेंब थेंब पाणी ओतलं. वास टेबलापर्यंत आला आणि तिचे हात थांबले.

पाहुण्याने फुर्रकन घोट घेतला, डोळे मिटले. पिकलेलं फळ, म्हणाला. मुरलेली द्राक्षं.

गप्प बसली असती तर खिडकी शाबूत होती. पण सडका दाणा तोंडात घोळवून डोलणारा तो माणूस तिला बघवेना.

“सडका दाणा आहे त्यात,” ती म्हणाली. “माझ्याच पोत्यातला. चूळ भरा.”

मुकादमाचं तोंड उतरलं. पाहुणा मात्र हसला. “मावशी, तुम्ही कॉफी पिता?”

“नाही. चहा.”

“मग बरोबर आहे,” तो समजुतीने म्हणाला आणि लाल दोऱ्याची सगळी पोती त्याने मागवली.

संध्याकाळी मुकादम खुशीत तिच्यापाशी आला. “आता डोळ्यांची काळजी सोडा, मावशी. उलट, निवडताना जरा हात सैल ठेवा.”

सव्वीस वर्षांत तिचा एवढा अपमान कोणी केला नव्हता, जावेनेही नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपलं स्टूल आपणच उचललं आणि मागे जाऊन पोती शिवायला बसली.

जाऊ परत आली. रिकामी जागा बघून तडक मागे गेली. “सापडला ना तिसरा? तरी मी म्हणत होते.”

“सापडला,” दुर्बीण म्हणाली. “गिऱ्हाईक मिटक्या मारत प्यायलं.”