अर्थिंगची पिन

दुकानाच्या पाटीवर दोन भावांची नावं होती, त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्या पाटीवर एक चमकदार इंग्रजी नाव आहे. धाकट्याला सगळे ‘सर’ म्हणतात आणि थोरल्याला ‘दादा’, गिऱ्हाइकंसुद्धा.

दादाने जन्मभर लोकांच्या स्पीकरमधली खरखर, घरघर, शिट्टी आणि गुणगुण घालवली. दारात चपला काढता काढताच तो सांगायचा, ही ढिल्या वायरीची, ही फाटलेल्या पडद्याची. लग्न त्याने केलं नाही. घरोघर जायचं, चार माणसांशी दोन शब्द बोलायचे, कुणी दिला तर चहा घ्यायचा, एवढाच त्याचा संसार.

म्हणून डॉक्टरीणबाईंच्या होम थिएटरची तक्रार तिसऱ्यांदा आली, तेव्हा धाकट्याचं बोलणं त्याला फार लागलं.

“आज तो आवाज मिटला पाहिजे, दादा. नाहीतर उद्यापासून बाहेरची कामं बंद. मागच्या खोलीत बसून सोल्डरिंग कर निवांत.”

बाईंच्या दिवाणखान्यात सबवूफरची, म्हणजे खर्जातल्या आवाजाच्या स्पीकरची, काळी पेटी कोपऱ्यात कोंबलेली होती. ठोका वाजला की खिडकीची तावदानं थरथरत, आणि गाणं थांबलं तरी पेटी आपली घूं करत राही. दादाने आधी ठोक्याचं काम घेतलं. पेटी उचलून सोफ्यावर बाईंच्या जागी ठेवली, गाणं लावलं आणि स्वतः गुडघे टेकून भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागला.

बाईंच्या सासूबाई आतून बाहेर आल्या. “काही हरवलंय का हो?”

“जागा शोधतोय, आजी. पेटी माणसाच्या जागी बसवायची आणि आपण खाली फिरून ऐकायचं. जिथे ठोका स्वच्छ लागेल, तिथे मग पेटी ठेवायची.”

“म्हणजे तिने सोफ्यावर बसायचं आणि तुम्ही रांगायचं. आमच्याकडे तशीच रीत आहे.”

“आई, त्यांना काम करू द्या,” बाई म्हणाल्या.

खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्या मधोमध जागा सापडली. तावदानं गप्प झाली. राहिली गुणगुण. दादा एकेक वायर काढत गेला. टीव्हीच्या केबलची तार काढली आणि खोली एकदम शांत झाली. परत लावली, परत घूं.

“दोष पेटीत नाही,” तो म्हणाला. “केबल बाहेरून स्वतःचं अर्थिंग घेऊन येते, घराचं अर्थिंग वेगळं. दोघांची ओढाताण पेटीतून ऐकू येते. केबलला मधे ही ओढाताण तोडणारा एक छोटा डबा लावावा लागेल. चार दिवसांत मागवतो. तोवर केबल काढून ठेवा.”

“चार दिवस? उद्या पाहुणे यायचेत आमच्याकडे. आणि आईंच्या मालिका?”

“शेवटी माझ्या मालिकांवरच आलं म्हणायचं,” आजी म्हणाल्या.

बाईंनी दुकानात फोन लावला. थोडं बोलून फोन दादाच्या हातात दिला.

“पिन काप आणि ये,” धाकटा म्हणाला.

“नको रे.”

“मग थांब तिथेच. मी येतो.”

प्लगला तीन पिना असतात. त्यातली जाडी अर्थिंगची. पेटीत बिघाड होऊन वीज मागच्या पत्र्यात उतरली, तर ती जमिनीत नेऊन सोडण्याचं काम तिचं. ती कापली की ओढाताण थांबते, घूं बंद होते आणि गिऱ्हाईक खूश. ही युक्ती दुकानात आणली दादानेच, ऐन उमेदीत. दोन मिनिटांचं काम. किती घरांत कापल्या, कुणी मोजल्या?

मग एका घरी, अशाच एका पेटीच्या पत्र्याला त्याचा हात चिकटला. घरातल्या कुणीतरी बटण बंद केलं म्हणून वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून नीट वळत नाहीत. पेटी जुनी होती, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. तिची पिन त्याच्या दोन वर्षं आधी आपणच कापली होती, हे धाकट्यालाही सांगितलं नाही.

धाकटा आला. बाईंशी हसून बोलला, कटर काढला, कट्.

पेटी गप्प.

“अय्या, एवढंच होतं?” बाई म्हणाल्या.

“एवढंच असतं, मॅडम.” मग दादाकडे वळून हलक्या आवाजात, “तूच शिकवलंस ना? वाक्यही तुझंच. आवाज गेला म्हणजे दोष गेला.”

त्या क्षणी दादाने बोटं पुढे करून सगळं सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलंही. पण मग बाकीच्या घरांचं काय, असं कुणी विचारलं असतं तर? ती घरं त्याला आठवतही नव्हती. तो हत्यारं पिशवीत भरत राहिला.

निघताना आजींना एवढंच म्हणाला, “त्या पेटीच्या मागच्या पत्र्याला हात लावत जाऊ नका.”

“अहो, ती रोज मीच पुसते!”

“खुशाल पुसा, आजी,” धाकटा जिन्यातून म्हणाला. “दादा जरा जुन्या वळणाचा आहे.”

दुसऱ्या दिवसापासून दादा मागच्या खोलीत बसतो. केबलसाठीचा तो छोटा डबा त्याने स्वतःच मागवला. तो आला, आणि त्याच्या खणात पडून आहे. एकदा घेऊन जातो म्हणाला, तर धाकट्याने विचारलं, “तक्रार आलीय का? मग कशाला जायचं?” एकटं जाऊन बाईंची बेल वाजवायची धमक त्याच्या अंगात नाही. दारात काय सांगणार?

आठ-पंधरा दिवसांनी तो पडद्यामागून विचारतो, “डॉक्टरीणबाईंचा काही फोन?”

“नाही. सगळं शांत आहे.”

दादा पुन्हा सोल्डरिंगला लागतो. पुढे दुकानात फोन वाजला की त्याचा हात थांबतो. धाकटा कुणाशी बोलतोय हे कळेपर्यंत थांबलेलाच असतो.