टाकीकडचा दरवाजा

मामांच्या ग्रीनहाऊसचा दरवाजा भलत्याच बाजूला गेला, त्याचं सगळं श्रेय त्यांच्या भाच्याला जातं. तो भाचा म्हणजे अस्मादिकच असल्यामुळे ही गोष्ट जरा जपूनच सांगावी लागणार.

मामा कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप पाठवतात, मामा त्यावरून प्लास्टरचा साचा ओततात आणि साच्यावर एकेक दात बसवत जातात. तीस वर्षं हेच केल्यामुळे कागदावरचा त्यांचा विश्वास पार उडाला आहे. "कागदावरच्या तोंडाला चावता येत नाही," असं ते म्हणतात. म्हणून गच्चीवर ऑर्किडसाठी ग्रीनहाऊस बांधायचं ठरलं, तेव्हा वेल्डरला नकाशा देण्याऐवजी त्यांनी अख्ख्या ग्रीनहाऊसचा साचाच केला. ओंजळीत मावेल एवढा. मागे उतरतं छप्पर, आत कुंड्यांच्या फळ्या, आणि जिन्याकडच्या भिंतीवर वेगळा ओतून चिकटवलेला नखाएवढा दरवाजा.

तो वेल्डरकडे पोचवण्याचं काम भाच्यावर आलं. कोपऱ्यावर सायकल घसरली, पिशवी आपटली आणि दरवाजा निखळून पडला. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्याच. भाच्याने शेजारच्या दुकानातून डिंक घेतला, जरा विचार केला, आणि जी भिंत मनाला पटली तिच्यावर दरवाजा चिकटवून दिला. घरी काही बोलला नाही. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

इकडे मामांच्या पायाला भिंगरी लागली होती. एकवीस तारखेला ताई, म्हणजे मामांची मुलगी, तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. नवऱ्याची बदली झाली होती, नवीन गावात घर मिळेपर्यंत ती इथेच राहणार होती. आणि तिच्या खोलीत बेचाळीस ऑर्किड होती.

"एकवीसला सकाळी त्या खोलीत बाळ असेल," मामींनी जाहीर केलं होतं. "कुंड्या दिसल्या तर मी नर्सरीवाल्याला फोन लावणार. तो निम्म्या भावात सगळ्या न्यायला तयार आहे. मी विचारून ठेवलंय."

"विचारून ठेवलंयस?"

"चार महिन्यांपूर्वीच."

एकेचाळीस गेली असती तरी मामांनी छातीवर दगड ठेवला असता. पण खिडकीतल्या त्या जांभळ्या ऑर्किडने सहा वर्षं नुसती पानं दाखवून त्यांना झुलवलं होतं, आणि नेमका याच महिन्यात दांडा काढला होता. दांड्यावर सात कळ्या. थंडी सुरू झालेली. उघड्या गच्चीवरच्या एका गार झुळकीने सातही गळाल्या असत्या.

जुनी स्कूटर विकून आलेले आणि मामींनी बाजूला टाकलेले मिळून पंचेचाळीस हजार होते. त्यावर एक दमडी मिळणार नव्हती. मामांनी दातांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणावर अंदाजपत्रक मांडलं. पहिल्यांदा काच लिहिली, मग काच खोडून पॉलिकार्बोनेटचे पत्रे. आपोआप सुटणारा पाण्याचा फवारा लिहिला, खोडला, हातपंप लिहिला. हीटर तीनदा आत आला आणि तीनदा बाहेर गेला. शेवटी पंखा छोटा केला तेव्हा हीटरला जागा झाली. कवळीचं मेण तापत ठेवून मामा उठायचे, गच्चीवर जाऊन टेपने तीच लांबी पुन्हा मोजायचे आणि खाली येऊन करपलेल्या मेणाला शिव्या द्यायचे.

"लांबी वाढली का हो?" मामी विचारायच्या.

सगळं बसवून सहाशे उरले. झाकणाच्या तळाशी त्यांनी 'शिल्लक' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघांवर त्यांचा फार जीव होता.

अठरा तारखेला सांगाडा आला. वेल्डरने तो गच्चीवर उभा केला, पत्रे ठोकले आणि दरवाजा उघडून दाखवायला गेला. दरवाजा वीतभर उघडला आणि पाण्याच्या टाकीला जाऊन टेकला.

"हे काय?" मामा म्हणाले.

"साच्यात आहे तसंच आहे, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही. साचा बघू."

मामांनी साचा उन्हात धरला. चष्मा कपाळावर ढकलून नाकाजवळ आणला. एखाद्या कवळीची डागडुजी दुसऱ्या कुणी केली असेल तर त्यांना ती लांबून कळते.

"हा डिंक माझा नाही," ते म्हणाले, आणि न वळता पुढे म्हणाले, "भाचेबुवा, जिन्यात पाऊल वाजलं तुमचं. खाली जाऊ नका. इकडे या."

भाच्याने सगळं कबूल केलं. सायकल, कोपरा, मनाला पटलेली भिंत.

"मनाला पटली," मामा म्हणाले. "माझ्या जागी तू असतास तर लोक कानाने जेवले असते."

वेल्डरने मात्र हात वर केले. दरवाजा कापून पलीकडे बसवायचा आणि इकडचं भोक बुजवायचं, त्याचे चार हजार होतील. शिवाय एका शाळेचं फाटक करायला घेतलेलं, तेव्हा पंचवीस तारखेच्या आत जमणार नाही. सहाशे आणि चार हजार. तीन दिवस. खिशातली टेप त्यांनी दोनदा बाहेर ओढली आणि दोनदा सोडली. वेल्डर बोलतच होता आणि बोलताना वरच्या ओठावर हात धरत होता. मामांची नजर तिथे अडकली.

"समोरचा दात कधी गेला?"

"दोन वर्षं झाली. मुलीच्या शाळेत बाईंना भेटायला जातो तेव्हा असाच तोंडावर हात ठेवून बोलतो. बाईंना वाटतं, मला सर्दी आहे."

"खाली चला."

खाली खुर्चीत बसवून मामांनी वेल्डरच्या तोंडात मापाचा लगदा भरलेला ट्रे दाबून धरला.

"तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही," ते म्हणाले. "आता ऐका. दरवाजा परवा जिन्याकडे बसला पाहिजे. मजुरी म्हणून हा दात. कबूल असेल तर काही बोलू नका."

वेल्डरने डोळे वटारले. घशातून काहीतरी घरघरलं. मामा घड्याळाकडे बघत राहिले. मामी दारात उभ्या राहून पदराने तोंड दाबत होत्या. तीन मिनिटांनी माप बाहेर आलं.

"हे बरोबर नाही, डॉक्टर."

"डॉक्टर नाही."

"पण शेजारच्या दातांसारखा दिसला पाहिजे. तरच."

वीस तारखेला ग्राइंडर गच्चीवर किंचाळला आणि दुपारपर्यंत दरवाजा जिन्याकडे आला. टाकीकडचं भोक वाचलेल्या पत्र्याच्या तुकड्याने झाकलं गेलं. एकेचाळीस कुंड्या भाच्याने वाहिल्या. जांभळी मामांनी स्वतः छातीशी धरून नेली. जिन्याच्या वळणावर दोन कळ्या टपकल्या. त्यांनी त्या उचलून खिशात ठेवल्या. वर जाऊन हीटर लावला, तापमापकाचा काटा बघितला, हीटर बंद केला, परत लावला.

ताई आली. बाळ त्या खोलीत झोपलं. मामींनी नर्सरीवाल्याला फोन केला नाही, पण त्याचा नंबरही खोडला नाही. मामा अजून दिवसातून दहादा जिना चढतात. उरलेल्या पाच कळ्यांपैकी एक फुगली आहे, की तसं वाटतंय, यावर घरात दोन मतं आहेत.

दात मात्र अजून दिलेला नाही. तीन झाले आणि तिन्ही मामांनी मोडीत काढले. वेल्डरचे दात चहाने पिवळे पडलेत, नेमका तो पिवळा साधत नाही, आणि पांढराशुभ्र दात बसवून द्यायला मामांचा हात धजत नाही. झाकणावर शिल्लकीच्या दोन रेघांखाली आता एक ओळ आली आहे: 'दरवाजा – एक दात'. वरच्या सगळ्या ओळींवर बरोबरची खूण आहे, हिच्यावर नाही.

वेल्डर रोज सकाळी खालच्या रस्त्याने जातो. गच्चीखाली थांबतो, वर बघतो आणि बोटाने ओठ उचलून ती मोकळी जागा दाखवतो. मामा जांभळीच्या पानांआड वाकतात आणि बराच वेळ कळ्या मोजत बसतात.